मदत हवी आहे: थॉम्पसनच्या पत्रांत 'आपण' की 'तुम्ही'?

हंटर थॉम्पसन या बंडखोर अमेरिकन पत्रकाराच्या पत्रसंग्रहाच्या पहिल्या खंडातली (1955 ते 1967) काही पत्रं मराठीत करतोय. वाचनगटापुरतंच आहे, छापायचं नाही.

अडलोय 1958 च्या पत्रावर. एकवीस वर्षांचा हा पोरगा 'व्हँकूव्हर सन' दैनिकाकडे नोकरी मागतो, आणि त्याच दमात आधीच्या वरिष्ठांची सालटी काढतो. सुरुवात मात्र अदबीने, 'सर' म्हणून.

सगळीकडे 'आपण' वापरून पाहिलं, तर सरकारी अर्ज झाला. सरळ 'तुम्ही' केलं, तर वाचायला बरं वाटतं, पण ती मुद्दाम पांघरलेली अदब गेली. 'तू' तर शक्यच नाही, नोकरी मागतोय हो तो! सुरुवातीला 'आपण' आणि पुढे हळूच 'तुम्ही' असंही केलं. ऐकणाऱ्या दोघांना ती माझी चूक वाटली.

शिव्यांचं जमेल. तळटीप नको, कारण हे मोठ्याने वाचायचं आहे. पत्रांचे अनुवाद केलेल्यांनी सांगावं: संबोधन एकच ठेवून उद्धटपणा वाक्यरचनेतून आणता येतो का, की मधेच संबोधन बदललं तरी चालतं, आणि बदलायचं तर ते चूक वाटू नये म्हणून नेमकं कुठे?