‘जोडणी सक्रियण अयशस्वी’ म्हणजे नेमके काय झाले नाही?

प्रश्न : लिनक्स सर्व्हरवर नेटवर्कमॅनेजर (नेटवर्कची मांडणी सांभाळणारी प्रणाली) वापरताना ‘कनेक्शन ॲक्टिव्हेशन फेल्ड’ असा संदेश येतो. आमच्या मदतपुस्तिकेच्या मसुद्यात त्यासाठी ‘जोडणी सक्रियण अयशस्वी’ असे लिहिले आहे. वाचणारा त्याचा अर्थ ‘नेट गेले’ असा घेतो आणि आधी केबल हलवून पाहतो. येथे कोणती शब्दयोजना योग्य ठरेल?

उत्तर १ : ‘सक्रियण’ बोजड आहे हे खरे, परंतु घोटाळा ‘जोडणी’ या शब्दाने केला आहे. नेटवर्कमॅनेजरमध्ये कनेक्शन म्हणजे चालू संपर्क नव्हे; आयपी पत्ता (नेटवर्कवरील यंत्राचा क्रमांक), गेटवे (बाहेरच्या नेटवर्ककडे जाण्याचे द्वार), डीएनएस (नावावरून पत्ता शोधणारी सेवा) आणि ही मांडणी कोणत्या नेटवर्क कार्डासाठी आहे एवढे लिहून ठेवलेले ते प्रोफाइल असते. गॅसचे कनेक्शन नावावर असते म्हणून शेगडी पेटतेच असे नाही, तसेच हे आहे. ते प्रोफाइल प्रत्यक्ष कार्डावर चढवणे म्हणजे ॲक्टिव्हेशन. म्हणून मी ‘प्रोफाइल लागू झाले नाही’ असे लिहीन.

अर्थ असा लावला की शोधाची दिशाही बदलते. व्हर्च्युअल मशीनची (सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या आभासी संगणकाची) प्रत काढल्यावर ‘योग्य उपकरण सापडले नाही’ अशी तक्रार अनेकदा येते, कारण प्रोफाइलमध्ये जुन्या कार्डाचा मॅक पत्ता (त्या कार्डाची स्वतःची ओळख) नोंदलेला असतो आणि नव्या यंत्राला वेगळा पत्ता मिळालेला असतो. तेथे केबलचा काहीच दोष नसतो. प्रोफाइलमधील तो पत्ता बदलला किंवा काढून टाकला की काम होते.

उत्तर २ : वरील मताशी सहमत आहे, मात्र ‘एनएमसीएलआय डिव्हाइस’ (नेटवर्कमॅनेजरला कार्डांची स्थिती विचारणारी) ही आज्ञा दिल्यावर दिसणाऱ्या स्थितिदर्शक शब्दांकडेही लक्ष द्यावे, कारण खरी फसगत तेथे होते. ‘डिस्कनेक्टेड’चे भाषांतर सर्रास ‘तुटलेले’ असे केले जाते. वास्तविक त्या स्थितीत कार्ड तयार असते, फक्त त्यावर कोणतेही प्रोफाइल लागू नसते. केबल निघाली असेल तर इथरनेट (केबलने जोडायचे) कार्ड ‘अनअव्हेलेबल’ म्हणजे अनुपलब्ध दिसते. नेटवर्कमॅनेजरने या स्थितींना दिलेले आतील क्रमांकही तेच सांगतात : अनअव्हेलेबल २०, डिस्कनेक्टेड ३०, ॲक्टिव्हेटेड १००. म्हणजे ‘डिस्कनेक्टेड’ ही एक पायरी वरची स्थिती आहे. त्यासाठी ‘तयार, पण प्रोफाइल नाही’ असे सरळ लिहावे, शब्द चार झाले तरी चालतील.

प्रश्नकर्ता : आणि डीएचसीपीकडून (आपोआप आयपी पत्ता देणाऱ्या सेवेकडून) पत्ताच मिळाला नाही, तर?

उत्तर २ : तेव्हा प्रोफाइल कार्डावर चढलेले असते, परंतु आधीपासून ठरलेल्या मुदतीप्रमाणे ४५ सेकंद वाट पाहूनही पत्ता न मिळाल्याने ते मध्येच गळते. ‘आयपी पत्ता मिळाला नाही’ हेच शब्द तेथे हवेत. ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ (जोडणी नाकारली) हा संदेश मात्र या प्रकरणात आणू नये. तो संदेश येतो तेव्हा सहसा आपण समोरच्या यंत्रापर्यंत पोहोचलेले असतो, केवळ तेथे मागितलेल्या पोर्टवर (सेवेच्या क्रमांकित दारावर) ऐकणारी सेवा चालू नसते. मूळ संदेश देवनागरीत शेजारी ठेवावा, म्हणजे पडद्यावर दिसणारे वाक्य आणि पुस्तिकेतील नोंद यांची सांगड वाचकाला घालता येईल.