इंटरप्टमधून रनटाइम रिझ्यूम होत असेल तर बस क्लॉकचं काय करायचं?

ओम्_एम्बेडेड
नमस्कार मंडळी. एका एआरएम एसओसीवर (प्रोसेसर आणि बाकीचे ब्लॉक एकाच चिपवर) पेरिफेरलचा लिनक्स ड्रायव्हर लिहितोय. त्याला दोन क्लॉक आहेत, रजिस्टरपर्यंत पोचायला लागणारा एपीबी बस क्लॉक आणि ब्लॉकच्या आतला फंक्शनल क्लॉक. रनटाइम सस्पेंडमध्ये (काम नसताना फक्त हे डिव्हाइस झोपवणं) दोन्हीवर क्लॉक_डिसेबल_अनप्रिपेअर, रिझ्यूममध्ये क्लॉक_प्रिपेअर_इनेबल, एवढंच. अडचण अशी की ट्रान्सफर सुरू करणारं फंक्शन कधीकधी दुसऱ्या ड्रायव्हरच्या इंटरप्ट हँडलरमधून येतं (तिथे झोपायला, म्हणजे थांबून वाट बघायला, परवानगी नसते) आणि त्यात पीएम_रनटाइम_गेट_सिंक आहे, डिव्हाइस जागं होईपर्यंत थांबणारा कॉल. मग लॉगमध्ये 'स्लीपिंग फंक्शन कॉल्ड फ्रॉम इनव्हॅलिड कॉन्टेक्स्ट' दिसतं, पण तेही मधूनच, तासन् तास लोड टाकला तर काही नाही आणि बोर्ड जरा निवांत पडला की पुढच्या पहिल्याच ट्रान्सफरला दणका. प्रोबमध्ये (ड्रायव्हर डिव्हाइसला जोडला जातो तेव्हाचं फंक्शन) पीएम_रनटाइम_आयआरक्यू_सेफ टाकून बघितलं, तर आता मेसेज अगदी क्वचित येतो आणि स्टॅकमध्ये म्युटेक्स (मिळेपर्यंत झोपवणारा लॉक) दिसतो. म्हणजे हे आयआरक्यू सेफ नक्की हमी कशाची देतं? उपकरण बॅटरीवर चालतं, त्यामुळे बस क्लॉक कायम चालू ठेवायचा नाहीये.

रजिस्टर_वाचक
मधूनच का येतं ते आधी बघ. गेट_सिंकच्या आत जी तपासणी आहे ती डिव्हाइस अ‍ॅक्टिव्ह नसेल आणि आयआरक्यू सेफ लावलेलं नसेल तेव्हाच बोंब मारते. लोडखाली ऑटोसस्पेंडची (ठरावीक वेळ काम नसेल तर आपोआप झोपणं) वेळ भरतच नाही, डिव्हाइस जागंच असतं, म्हणून शांतता.

आता आयआरक्यू सेफ. तू पीएम कोअरला (कर्नलचा पॉवर मॅनेजमेंटचा भाग) एवढंच सांगतोस की माझे सस्पेंड-रिझ्यूम कॉलबॅक इंटरप्ट बंद असताना बोलावले तरी चालतील. कॉलबॅकमध्ये झोपणारं काही नाही हे बघणं सर्वस्वी तुझ्याकडे, आणि प्रिपेअर झोपू शकतं, त्याला पीएलएल (क्लॉक तयार करणारं सर्किट) लॉक व्हायची वाट बघावी लागते किंवा आयटूसी बसवरून पीएमआयसीशी (वीजपुरवठा सांभाळणारी चिप) बोलावं लागतं. इनेबल झोपत नाही, ते स्पिनलॉकखाली (न झोपता थांबणारा लॉक) चालतं. क्लॉक एपीआयचे असे दोन तुकडे केलेत ते याचसाठी.

आणि मेसेज क्वचित येतो म्हणून बरं चाललंय असं अजिबात समजू नकोस. क्लॉक फ्रेमवर्क प्रिपेअरचा म्युटेक्स आधी ट्रायलॉकने (न थांबता मिळतो का ते बघणं) घेऊन बघतं, तो मिळाला तर तक्रार होत नाही, नेमका त्याच क्षणी दुसऱ्या कोणी धरला असेल तरच पुढे म्युटेक्स_लॉक आणि मेसेज. चुकीचं काम रोज होतंय, दिसतंय कधीतरी.

दुरुस्ती: प्रोबमध्ये दोन्ही क्लॉक प्रिपेअर करून ठेव, रनटाइम कॉलबॅकमध्ये फक्त इनेबल आणि डिसेबल, अनप्रिपेअर रिमूव्हमध्ये आणि सिस्टिम सस्पेंडमध्ये. पीएल३३० डीएमएचा (सीपीयूशिवाय डेटा हलवणारा ब्लॉक) ड्रायव्हर उघडून वाच, सिस्टिम सस्पेंडमध्ये तो आधी पीएम_रनटाइम_फोर्स_सस्पेंड करतो, मग बस क्लॉक अनप्रिपेअर, आणि उठताना बरोबर उलट क्रमाने.

जुना_कर्नलकर
वरचं बरोबर, एक भर घालतो. तुझं डिव्हाइस अ‍ॅम्बा बसवर (एआरएमची चिपमधली बस) नोंदलेलं आहे का साधं प्लॅटफॉर्म डिव्हाइस म्हणून? अ‍ॅम्बा असेल तर बस क्लॉक बसचा कोडच सांभाळतो, २०१४ च्या बदलापासून तो डिव्हाइस आयआरक्यू सेफ आहे का ते विचारतो आणि असेल तर नुसतं डिसेबल करतो. तू परत त्याला हात लावू नकोस. आणि आयआरक्यू_सेफ प्रोबमध्येच, पहिला पुट (गेटचा उलटा, वापर संपला सांगणारा कॉल) होण्याआधी लाव, सस्पेंड आणि रिझ्यूमच्या मध्ये हा झेंडा बदलला तर प्रिपेअरची गणती बिघडते.

वीज_वाचवा
बॅटरी म्हणालास म्हणून लिहितोय. आयआरक्यू सेफ फुकट नाही. कोअर तुझ्या पेरेंट डिव्हाइसवर एक गेट करतो आणि तो धरूनच ठेवतो, म्हणजे पेरेंट रनटाइममध्ये कधीच झोपणार नाही. पॉवर डोमेनचंही (एकत्र वीज चालू-बंद होणारा चिपचा भाग) तेच, डोमेन स्वतः आयआरक्यू सेफ नसेल तर ते बंद होत नाही. शिवाय प्रिपेअर राहिलेल्या क्लॉकमागचा पीएलएल चालू राहू शकतो. डीबगएफएसमधल्या (कर्नलची डीबग माहिती दाखवणारी फाइलसिस्टिम) क्लॉक_समरीत इनेबलची आणि प्रिपेअरची गणती शेजारी शेजारी दिसते, डिव्हाइस सस्पेंड असताना ती बघ, इनेबल ० आणि प्रिपेअर १ दिसलं तर वर कोणता पीएलएल अडकलाय तेही तिथेच कळेल.

माझं मत, थोडा उशीर चालत असेल तर आयआरक्यू सेफ काढूनच टाक. इंटरप्टमधून साधा पीएम_रनटाइम_गेट कर, तो झोपत नाही, काम वर्कक्यूवर (जिथे झोपता येतं अशी नंतर करायच्या कामांची रांग) टाकतो. १ परत आलं तर हार्डवेअर जागंच आहे, लगेच सुरू कर. नाहीतर विनंती स्वतःच्या स्पिनलॉकखाली रांगेत ठेव आणि रिझ्यूम कॉलबॅकच्या शेवटी रांग उपस. मग प्रिपेअर-अनप्रिपेअर पूर्ण करता येतं, पेरेंटही झोपतो.

ओम्_एम्बेडेड
प्लॅटफॉर्म डिव्हाइस आहे. समरीत अगदी तसंच दिसतंय, प्रिपेअर १, इनेबल ०, आणि वरचा पीएलएल चालू. उशीर चालेल, रांगेचा मार्ग घेतो. पण माझा स्वतःचा इंटरप्ट शेअर्ड लाइनवर (अनेक डिव्हाइसना मिळून एकच लाइन) आहे, डिव्हाइस झोपलेलं असताना शेजाऱ्यामुळे माझा हँडलर आला तर?

रजिस्टर_वाचक
तर स्टेटस रजिस्टर वाचायचंच नाही. बस क्लॉक बंद असताना वाचलंस तर एसओसीप्रमाणे एक्स्टर्नल अ‍ॅबॉर्ट (बसकडून आलेली एरर) येईल नाहीतर बसच अडकेल. हँडलरच्या सुरुवातीला पीएम_रनटाइम_गेट_इफ_अ‍ॅक्टिव्ह घाल, शून्य आलं तर आयआरक्यू_नन (हा इंटरप्ट माझा नाही) परत कर. गेट_इफ_इन_यूज इथे नको, ऑटोसस्पेंडची वाट बघत असताना वापर शून्य असतो पण डिव्हाइस जागं असतं, तेव्हा खरा इंटरप्ट आला तर तू तो नाकारशील आणि लाइन वाजतच राहील. काम झालं की पुट_ऑटोसस्पेंड, पुट_सिंक नाही. आणि सस्पेंड कॉलबॅकमध्ये क्लॉक बंद करायच्या आधी ब्लॉकचे इंटरप्ट मास्क कर, मग सिंक्रोनाइझ_आयआरक्यू (चालू हँडलर संपेपर्यंत थांबणं), आयआरक्यू सेफ काढल्यामुळे आता ते तिथे करता येतं.