शब्दचर्चा: नस, शीर, चेता की मज्जातंतू? मानेच्या ऑपरेशनआधी रुग्णाला काय सांगायचं?

मूळ प्रश्न (न्यूरो-टेक्निशियन, सोलापूर)

मानेच्या मणक्याचं ऑपरेशन चालू असताना मज्जारज्जू (मणक्यांच्या आतून जाणारी मेंदूची मुख्य दोरी) आणि त्यातून निघणाऱ्या नसा काम करताहेत ना, हे मशीनवर तपासत राहणं हे माझं काम. डॉक्टर मंडळी आपसात ‘न्यूरोमॉनिटरिंग’ म्हणतात. आदल्या संध्याकाळी मी रुग्णाला हे समजावून सांगते, आणि अडचण तिथंच येते. एका संमतीपत्रात ‘शस्त्रक्रियांतर्गत चेताकार्य संनिरीक्षण’ असं छापलेलं आहे. ते वाचून दाखवलं की लोक विचारतात, ‘म्हणजे बीपीचं मशीन ना?’ ‘नसांवर लक्ष ठेवणार’ म्हटलं की विचारतात, ‘रक्ताच्या नसा का?’ प्रश्न रास्त आहे. सलाइन लावताना आपण ‘नस सापडत नाही’ म्हणतो आणि मान आखडली की ‘नस दबली’ म्हणतो.

ऑपरेशननंतर हातपाय हलतील का, याच एका भीतीने माणूस रात्रभर जागा असतो. त्या भीतीशी ज्या तपासणीचा थेट संबंध, तिचं नाव त्याला कळू नये हे मला पटत नाही. शब्द सुचवा.

निवृत्त विज्ञान शिक्षक

ताई, शालेय पुस्तकांत चेतापेशी, चेतासंस्था, मेरुरज्जू (म्हणजे तुमचा मज्जारज्जूच) हे शब्द रुळले आहेत. दहावी झालेल्या मुलाला ते कळतात, त्याच्या आजोबांना नाही. जुन्या पिढीला ‘मज्जातंतू’ जवळचा वाटतो, कारण तो वर्तमानपत्रातून आणि वैद्यांच्या तोंडून कानावर पडलेला आहे. ‘शीर’ मात्र टाळा. बोलताना शीर म्हणजे बहुतेकांना रक्तवाहिनीच वाटते.

दुसरी सूचना जास्त महत्त्वाची. हिंदी नमुन्यावरून मराठी फॉर्म बनवत असाल तर ‘स्नायु’ शब्द जपून बघा. हिंदीत ‘स्नायु-तंत्र’ म्हणजे चेतासंस्था. आपल्याकडे स्नायू म्हणजे मांसपेशी. बंगालीतही स्नायु म्हणजे नर्व्हच. तो शब्द तसाच उचलला तर वाक्याचा अर्थच बदलतो. तुमच्या तपासणीत तर नसा आणि स्नायू दोन्ही येतात, म्हणून घोळ दुप्पट.

यंत्रमाग कामगाराचा मुलगा, अक्कलकोट रोड

आमच्या आप्पांचं हेच ऑपरेशन सांगितलंय. मानेत मणका दबलाय म्हणे. तुटलेल्या धाग्याला गाठ मारायला येईना झालंय त्यांना, बटनं आई लावते. चालताना पाय कुठं पडतोय कळत नाही म्हणतात. आम्हाला ‘गॅप आलाय’ एवढंच कळालं होतं. ताई, शब्द कुठलाही घाला, पण मशीन नेमकं काय करतं ते आधी सांगा. त्याच्यावरनं शब्द सापडंल.

मूळ प्रश्नकर्ती

दादा, बरोबर. सांगते.

तुमच्या आप्पांचं दुखणं एका नसेपुरतं नाही. मानेत 7 मणके आणि नसांच्या 8 जोड्या असतात. एखादी नस दबली तर तिच्या वाटेवर कळ येते, मुंग्या येतात. पण मधला मज्जारज्जूच दाबला गेला तर हाताची बारीक कामं जातात आणि चाल बिघडते. म्हणून ‘नस’ हा एकच शब्द मला तोकडा वाटतो. मज्जारज्जूचं नाव घ्यावंच लागेल.

आता तपासणी. मनगटाजवळ आणि घोट्याजवळ विजेचा अगदी हलका झटका देतो. तो संदेश मज्जारज्जूतून वर मेंदूत पोचतो आणि डोक्यावर लावलेल्या इलेक्ट्रोडमधून पडद्यावर लाटेसारखा उमटतो. याला एसएसईपी म्हणतात. संदेश फार बारीक असल्यामुळे शेकडो प्रतिसादांची सरासरी काढावी लागते, त्यात थोडा वेळ जातो. लाटेची उंची निम्म्याने घटली किंवा ती पोचायला एक दशांश जास्त वेळ लागला, तर सहसा आम्ही सर्जनना सांगतो.

दुसरी तपासणी उलट दिशेची. कवटीवरून मेंदूच्या हालचालीच्या भागाला झटका द्यायचा आणि खांदा, दंड, तळहात, पाऊल इथले स्नायू उत्तर देतात का ते बघायचं. ही एमईपी. शुद्धीतल्या माणसाच्या मेंदूला कवटीवरून असा झटका देता येतो हे 1980 मध्ये इंग्लंडमधल्या मर्टन आणि मॉर्टन यांनी दाखवलं. यात शरीर किंचित उडतं, म्हणून आधी सर्जनना हात थांबवायला सांगतो. जबडाही आवळतो. जीभ चावली जाऊ नये म्हणून दातांमध्ये गॉजची घडी ठेवतात.

याशिवाय स्नायूंमधली विजेची हालचाल टिपणारी ईएमजी सतत चालू असते. एखाद्या नसेला धक्का लागला की ईएमजीची रेघ लगेच खळबळते.

तेव्हा ‘देखरेख’ आणि ‘लक्ष ठेवणे’ मला अपुरे वाटतात. देखरेख म्हणजे नुसतं बघणं. इथं आपण दर थोड्या वेळाने संदेश पाठवतो आणि तो पोचला का ते विचारतो. ‘तपासत राहणे’ हे क्रियापद मला सर्वांत खरं वाटतं.

भूलतज्ज्ञ, होटगी रोड

‘तपासत राहणे’ला माझा पाठिंबा. एक भर घालतो. ‘भूल’ या शब्दाची इथं वेगळी फोड करून सांगावी लागते. भुलीचे वास घ्यायचे वायू हे संदेश दाबतात, म्हणून अशा केसमध्ये आम्ही शक्यतो शिरेतून दिलेल्या प्रोपोफॉलसारख्या औषधांवर भर देतो. घशात नळी घातल्यानंतर स्नायू सैल करणारं औषधही टाळतो, नाहीतर एमईपीत स्नायू उत्तरच देणार नाही. नातेवाईक यावर लगेच विचारतात, ‘म्हणजे पेशंट अर्धवट जागा असणार?’ नाही. झोप पूर्ण असते, वेदना कळत नाही. हे वाक्य फॉर्ममध्ये असायलाच हवं.

ही भीती उगीच नाही. पूर्वी खरोखरच ऑपरेशनच्या मध्येच जागं करत असत. 1973 मध्ये फ्रान्समधल्या स्टॅग्नारा आणि सहकाऱ्यांनी, पाठीचा बाक सरळ करण्याच्या ऑपरेशनसाठी, भूल हलकी करून रुग्णाला ‘पाय हलव’ म्हणायची पद्धत मांडली. तिच्यातून कळायचं ते त्या एका क्षणापुरतं.

आणि ‘अलार्म वाजला’ असं लिहू नका. घरच्यांना वाटतं, झालं, इजा झाली. लाट घटली की आम्ही रक्तदाब वाढवतो, मानेची ठेवण बघतो, तापमान आणि भूल तपासतो. ताई तारा निसटल्या नाहीत ना ते बघतात. सर्जन शेवटची केलेली कृती मागे घेतात. अनेकदा लाट परत येते. ‘इशारा’ हा शब्द योग्य.

तेलुगू मातृभाषा, अशोक चौक

आमच्या पूर्व भागात मराठी फॉर्म वाचणारी मुलं असतात, ऑपरेशन होणारी अक्का तेलुगूच बोलते. तेलुगूत ‘नरम्’ म्हणजे नसच, आणि बोलताना रक्ताच्या शिरेलाही तोच शब्द. कन्नडातल्या ‘नर’चंही तेच. घोळ तिन्ही भाषांत सारखा आहे. पण ‘नराल बलहीनत’ म्हटलं की कुठल्याही तेलुगू घरात हातपाय गळणं, बधिरपणा हेच डोळ्यांसमोर येतं. म्हणून तोंडी सांगताना ‘हातपाय चालवणाऱ्या नसा’ म्हणा. रक्ताचा प्रश्न येणार नाही.

मूळ प्रश्नकर्ती

अक्कांसाठीचं हे वाक्य मराठीतही जसंच्या तसं घेते आहे. सगळ्यांचं धरून मसुदा असा:

‘तुम्ही पूर्ण झोपेत असताना, मेंदूपासून हातापायांपर्यंतचे संदेश मज्जारज्जूतून आणि हातपाय चालवणाऱ्या नसांतून नीट जातात का, हे ऑपरेशन संपेपर्यंत यंत्राने तपासत राहू. संदेश मंदावल्याचा इशारा मिळाला तर डॉक्टर लगेच उपाय करतील. पेसमेकर असेल, फिट येत असतील किंवा डोक्यात काही बसवलेलं असेल तर आधी सांगा. डोक्यावर सुया टोचल्याच्या खुणा राहू शकतात, जीभ दुखू शकते.’

‘यामुळे ऑपरेशन सुरक्षित होते’ हे वाक्य कुणीतरी सुचवलं होतं, ते मी घेत नाही. लाटा शेवटपर्यंत चांगल्या राहूनही काही जणांना नंतर खांदा उचलायला जड जातं. मानेतल्या पाचव्या नसेची ही कमजोरी कधी काही दिवसांनीही दिसते आणि बहुतेकांची हळूहळू भरून येते. त्याऐवजी मसुद्यात ‘धोका लवकर लक्षात यायला मदत होते’ एवढंच घालते.

दादा, आप्पांना घेऊन याल तेव्हा हा कागद वाचून दाखवा आणि कुठल्या शब्दावर ते अडतात ते इथं कळवा. कन्नड मजकूर तपासायला अक्कलकोटकडचं कुणी आहे का?