‘क्वॉश’ म्हणजे दडपणं की रद्द करणं?

पायवाट, रत्नागिरी
भूसंपादनाच्या एका निकालाचा मराठी गोषवारा करायचाय. त्यात ‘नोटीस क्वॉश केली’ असं आहे. या इंग्रजी ‘क्वॉश’ला (quash) कोशात ‘दडपणे, चिरडणे’ असेही अर्थ आहेत. ‘हायकोर्टानं नोटीस दडपली’ चालेल? शब्द मुळात कुठला?

ओटीपडवी
अजिबात नको! नोटीस दडपली म्हणजे कुणीतरी ती फायलींच्या ढिगाखाली सारली. ‘रद्दबातल ठरवली’ लिहा.

या शब्दात दोन लॅटिन क्रियापदं मिसळलीत. ‘कासारे’ म्हणजे निरर्थक ठरवणं. ‘कासुस’ म्हणजे पोकळ, त्यावरून. दुसरं ‘क्वास्सारे’, म्हणजे हादरवून फोडणं. जुन्या फ्रेंचमध्ये दोन्हींची रूपं सारखी झाली आणि इंग्रजीत एकच शब्द उतरला. कोर्टाचा अर्थ पहिल्यातून, बंड मोडून काढण्याचा दुसऱ्यातून. आपला ‘रद्दबातल’ही जोडशब्दच, दोन्ही तुकडे अरबी: रद्द म्हणजे परत फिरवलेलं, बातल म्हणजे पोकळ, खोटं.

माडाखाली
फरक दडप्या पोह्यांत बघा. पातळ पोह्यांत ओलं खोबरं, कांदा, मिरची, मीठ, लिंबू कालवायचं, नारळपाण्याचा हबका मारायचा आणि झाकणावर वजन ठेवून पंधरा-वीस मिनिटं दडपायचं. पोहे मऊ पडतात, पण असतात तिथेच. क्वॉश झालेल्या नोटिशीची मात्र नुसती करवंटी उरते.

कोकमाच्या बाटलीवरचं ‘स्क्वॉश’ फोडण्याच्या मुळातलं. भोपळ्याच्या जातीचं स्क्वॉश मात्र अमेरिकेतल्या नरगॅन्सेट भाषेतलं. त्याचा इथे काही संबंध नाही.

पायवाट
मग ‘स्टे’ आणि ‘रिमांड’? एफआयआर क्वॉश झाला तर?

ओटीपडवी
स्टे म्हणजे स्थगिती: आदेश जिवंत, अंमलबजावणी थांबलेली. ‘क्वॉश करून रिमांड’ असेल तर आदेश रद्द, पण प्रकरण फेरनिर्णयासाठी परत खाली. (इथला रिमांड पोलीस कोठडीचा नव्हे.) चुका इथेच होतात. सुनावणी दिली नाही एवढ्याच कारणावरून नोटीस उडाली असेल, तर सुनावणी घेऊन नवी काढता येते; ‘जमीन सुटली’ असं शीर्षक द्याल तर फसाल.

एफआयआरलाही ‘रद्द’च. ‘निर्दोष सुटका’ लिहू नका, ती खटला चालल्यावर. हायकोर्ट एफआयआर रद्द करतं ते कलम पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं ४८२ होतं, आता तिच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं ५२८. आणि रत्नागिरी-सिंधुदुर्गचं हायकोर्टाचं काम १८ ऑगस्ट २०२५ पासून त्याच्या कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे (मुख्य ठिकाणाबाहेर बसणाऱ्या खंडपीठाकडे) आहे, तेव्हा नव्या निकालांवर सवयीनं ‘मुंबई’ टाकू नका. रायगड मुंबईकडेच.