३०० शब्दांच्या कथास्पर्धेसाठी ४७० शब्दांचा खर्डा कसा कापावा?

जिरावन (प्रश्न)

इंदूरच्या आमच्या मराठी गटात दोस्तीखात्यात कथास्पर्धा चालू आहे. बक्षीस काही नाही, पहिला आलेला पुढचा विषय देतो, एवढंच. विषय शुक्रवारी रात्री ८ ला मिळतो, कथा रविवारी रात्री १० पर्यंत गूगल फॉर्ममध्ये टाकायची. मर्यादा ३०० शब्द, कथेवर नाव नाही, मग सगळ्यांनी आवडत्या तीन कथांना मतं द्यायची. यंदाचा विषय: 'चुकीच्या माणसाकडे राहिलेली किल्ली'.

माझा खर्डा ४७० वर गेलाय. रामबागेतला जुना वाडा, दोघा भावांच्या वाटण्या झालेल्या, किल्ली मात्र भाडेकरूकडे राहिलेली. अनंत चतुर्दशीच्या रात्री सगळं गाव झांक्या (मिरवणुकीतले सजवलेले देखावे) बघायला रस्त्यावर असताना धाकटा वाड्यात शिरू बघतो. सकाळी वकील येतो तिथे कथा सुरू होते, रात्री संपते. पात्रं पाच. विशेषणं उडवून ४३० पर्यंत आली, पुढे हलेना.

१) उरलेले १३० शब्द कुठून काढू? २) शब्द नक्की मोजतात कसे? वर्ड एक आकडा दाखवतो, फोनवरचं ॲप भलताच. ३) भाडेकरू हिंदी बोलतो. त्याचे संवाद हिंदीतच ठेवले तर चालतील का? ४) ही कथा नंतर दिवाळी अंकाला पाठवता येईल का?

---

शशकवाला

विशेषणांतून १३० शब्द कधीच निघायचे नाहीत. एक अख्खा प्रसंग आणि तीन माणसं काढावी लागतील.

३०० शब्दांत एक जागा, एक वेळ आणि दोन माणसं मावतात. तिसऱ्याचा नुसता उल्लेख चालतो. पात्र वाचकाच्या ओळखीचं व्हायला १५ ते २० शब्द जातातच, म्हणजे पाच पात्रांची ओळखपरेड शंभराच्या घरात गेली. वकील काढा, सकाळ काढा. थोरला भाऊ कथेत यायचं कारण नाही; तो नाही म्हणूनच तर कथा आहे. कुलुपाशी उभा असलेला धाकटा आणि समोर भाडेकरू, इथे पहिलं वाक्य.

वाटण्यांची माहिती सांगत बसू नका, एखाद्या वस्तूच्या अंगावर टाका. समजा खर्ड्यात असं आहे:

'रामबागेतल्या त्या शंभर वर्षं जुन्या वाड्याच्या वाटण्या होऊन आता जवळजवळ दोन वर्षं झाली होती आणि तेव्हापासून दोन्ही भाऊ एकमेकांशी एक शब्दही बोलत नव्हते. धाकटा भाऊ सुधीर त्या रात्री खूप अस्वस्थ मनाने वाड्याच्या मोठ्या दरवाजापाशी येऊन उभा राहिला.'

हे झाले ३७ शब्द. त्याऐवजी:

'वाड्याच्या दाराशेजारी आता विजेचे दोन मीटर. कुलूप मात्र एकच, आजोबांच्या वेळचं. सुधीरने खिसे चाचपले.'

१४ शब्द. दोन मीटर म्हटल्यावर वाटण्या कळल्या, आजोबांचं कुलूप म्हटल्यावर वाड्याचं वय कळलं, आणि खिसे चाचपणाऱ्या माणसाला 'अस्वस्थ' म्हणावं लागत नाही. अशा तीन जागा सापडल्या की वकिलासकट तुमचे १३० निघाले.

शेवटाबद्दल. 'तो वीस वर्षांपूर्वीच वारला होता' छापाचा धक्का आता नको. मतं देणारा माणूस एका बैठकीत वीसेक कथा वाचतो, त्यातल्या चार-पाचांत भूत निघतंच. धक्क्यापेक्षा निवड चांगली: किल्ली हातात असलेला माणूस ती देतो, देत नाही, की भलत्यालाच देतो? लिहून झाल्यावर शेवटचं वाक्य बोटाने झाकून वाचा. कथा पुरी वाटली तर ते वाक्य गेलं. नव्वद टक्के वेळा ते वाक्य आधीच कळलेलंच परत सांगत असतं.

शीर्षक 'किल्ली' ठेवू नका, अर्ध्या कथांचं तेच असणार. ती फुकटची जागा आहे, कामाला लावा. 'दुसरा मीटर' असं शीर्षक दिलंत तर आतलं आणखी एक वाक्य वाचेल.

आणि झांक्याही काढा, इंदूरबाहेरच्याला समजावण्यात ३० शब्द जातील.

वेळेचं म्हणाल तर तुमच्याकडे ५० तास आहेत. न्यूयॉर्कच्या एनवायसी मिडनाइटच्या फ्लॅश फिक्शन स्पर्धेत ४८ तास आणि १००० शब्द असतात, वर कथाप्रकार, जागा आणि एक वस्तूही तेच ठरवून देतात. शुक्रवारी रात्री लिहायला बसू नका. किल्ली म्हटल्यावर पहिल्यांदा सुचलेल्या तीन कल्पना कागदावर काढा आणि फेकून द्या: तिजोरी, जुनी प्रेयसी, बँकेचा लॉकर. त्या सगळ्यांनाच सुचतात. भाडेकरू त्यामानाने बरा आहे. शनिवारी ४०० पर्यंत सैल लिहा, रविवारी सकाळी कापा, दुपारी मोठ्याने वाचा.

---

मात्रावेलांटी

मोजणीचं मी सांगते, कारण या भानगडीत चांगल्या कथा बाद होतात.

वर्ड दोन मोकळ्या जागांमधल्या तुकड्याला शब्द मानतं. त्यामुळे दोन्ही बाजूंना जागा सोडून टाकलेली रेघही एक शब्द धरली जाते. संवादांत अशा दहा रेघा असतील तर दहा शब्द हकनाक गेले. तिथे स्वल्पविराम द्या. फोनवरची काही ॲप्स इंग्रजीच्या हिशेबाने बनवलेली असतात. त्यांना काना-मात्रा-वेलांटी अक्षराचा भाग वाटत नाही, तिथे शब्द तुटला असं समजून ती पुढे मोजतात, म्हणून आकडा दीडपट-दुप्पट फुगतो. त्याकडे बघूच नका. आयोजक कशात मोजणार ते विचारा, त्यातच मोजा आणि चार-पाच शब्द हातचे ठेवा.

आता आपल्या गावची खोड. हिंदी रात्रंदिवस डोळ्यांसमोर असल्याने 'वाड्या समोर', 'कुलुपा पाशी', 'त्याच्या बरोबर', 'त्याने सुद्धा' असं तोडून लिहिलं जातं. मराठीत शब्दयोगी अव्यय जोडूनच येतं: वाड्यासमोर, कुलुपापाशी, त्याच्याबरोबर, त्यानेसुद्धा. 'च' आणि 'ही' पण चिकटून. तोडून लिहिलेल्या खर्ड्यात यानेच आठ-दहा शब्द वाचतात, शिवाय लेखन शुद्ध होतं. उलट टोक गाठून 'उभाराहिला' करू नका, ती लबाडी लगेच दिसते.

पुढची कात्री सर्वनामांवर. 'तो त्याच्या खिशातून किल्ली काढून बघत राहिला' हे सात शब्द. 'खिशातली किल्ली न्याहाळली' हे तीन. 'आला', 'आली' यातच लिंग कळतं, म्हणून मराठीत 'तो' आणि 'ती' सहज गळतात. फक्त दोन्ही पात्रं पुरुष असली की कोण आला ते कळेनासं होतं आणि नावं परत परत घ्यावी लागतात. भाडेकरू बाई करून बघा. कथेचं काही बिघडत नाही आणि दहा-बारा शब्द सुटतात. 'करून टाकलं', 'निघून गेला', 'बघत राहिला होता' अशी जोडक्रियापदंही एकेक करून तपासा. 'गेला' पुरत असेल तर 'निघून' कशाला?

टंकलेखनाचं. हिंदी कीबोर्डवर मराठी लिहिलं तर चार ठिकाणी घात होतो. 'नाही'चं आपोआप 'नहीं' होतं. पूर्णविरामाच्या जागी दंड पडतो, मराठीत टिंब. 'दुसऱ्या'चं 'दुसर्या' होऊन रफार य वर जाऊन बसतो. मराठी कीबोर्डवर ऱ वेगळा असतो, तो घेऊन हलन्त आणि मग या, असं टाका. चौथं, ळ च्या जागी ल. कृतिदेव या जुन्या फॉन्टमध्ये टाइप करून घेतलेलं फॉर्ममध्ये चिकटवलंत तर समोरच्याला नुसता रोमन अक्षरांचा काला दिसेल. युनिकोडमध्ये बदला आणि बदलल्यावर ळ, ऱ्य, ॲ हे तिन्ही डोळ्यांखालून घाला.

निवेदनात 'केले' आणि 'केलं' मिसळू नका. एक धरा आणि शेवटपर्यंत तेच.

---

मीठमिरची

शशकवाल्यांशी बाकी सहमत, पण झांक्या काढू नका! त्या रात्री गल्ली रिकामी का, शेजारीपाजारी कोणी का नाही, याचं कारणच त्या आहेत. त्या काढल्या तर धाकटा नेमका आजच का आला, हे सांगायला वेगळे शब्द लागतील. समजावण्याची गरज नाही. लांबून येणारा बँडचा आवाज आणि 'हुकुमचंदची झांकी निघाली वाटतं' एवढं एका पात्राने म्हटलं की झालं. हुकुमचंद ही इंदूरची कापडगिरणी १९९१ मध्ये बंद पडली, तरी तिच्या नावाची झांकी निघते, हे ज्याला ठाऊक आहे त्याला वाड्याच्या कथेत आणखी काही ऐकू येईल. ज्याला नाही, त्याचं काही अडत नाही.

हिंदी संवाद जरूर ठेवा, पण दोनच आणि छोटे. संवाद हिंदीत देऊन पुढे निवेदनात त्याचा अर्थ मराठीत सांगितला, तर एकाच गोष्टीला दोनदा शब्द मोजले. पुण्या-नागपूरच्या वाचकाला एवढं हिंदी कळतं. 'चाबी तो है भिया, पर किसके हाथ में दूँ?' या एका वाक्यात माणूस, गाव आणि पेच तिन्ही आले. भाडेकरू बाई केलीत तर इंदुरी 'भिया'चं 'भैया' करा. मागे 'असं तो म्हणाला' लावू नका. दोघंच आहेत, कोण बोललं ते कळतं.

एक सावधगिरी. हिंदीत जिला लघुकथा म्हणतात, त्या अगदी छोट्या गोष्टीची आपल्याकडे बरीच चलती आहे आणि तिच्या वाचनाने शेवटी एक टोला हाणायची सवय लागते: 'आणि माणुसकी दाराबाहेरच उभी राहिली' वगैरे. या स्पर्धेत ते खपणार नाही.

---

जिरावन

वकील गेला, भाडेकरू बाई झाली, आकडा ३१८. मतदान आणि फॉर्मचं कोणी सांगेल का? चुकून पहिला आलो तर पुढचं आयोजन माझ्याच गळ्यात आहे.

---

फॉर्मवाली

आधी स्पर्धक म्हणून. फॉर्ममध्ये मजकूरच चिकटवा, गूगल डॉक्सची लिंक देऊ नका. लिंक उघडली की मालकाचं नाव दिसू शकतं आणि निनावीपणा संपला. फॉर्मात तिरपा-ठळक टाइप राहत नाही. जुना काळ तिरप्या अक्षरांत दाखवायचा बेत असेल तर सोडा, मोकळी ओळ वापरा. एकदा पाठवलं की बदल करता येईलच असं नाही, आयोजकाने ती सोय चालू ठेवली असेल तरच येतो. आणि ९:५५ पर्यंत थांबू नका.

आयोजक झालात तर: कथेच्या प्रश्नाला 'परिच्छेद' प्रकार द्या, 'लहान उत्तर' नको, त्यात ओळी मोडता येत नाहीत. फॉर्म अक्षरांची मर्यादा लावू शकतो, शब्दांसाठी तशी थेट सोय नाही. म्हणून उत्तरं गूगल शीटमध्ये घेऊन तिथल्या सूत्रांनी मोजा: मजकूर मोकळ्या जागेवर स्प्लिटने तोडायचा आणि तुकडे काउंटएने मोजायचे. पण आधी सब्स्टिट्यूटने ओळबदलाच्या जागी मोकळी जागा घाला. नाहीतर एका ओळीचा शेवटचा आणि पुढच्या ओळीचा पहिला शब्द मिळून एकच धरला जातो आणि छोटे संवाद लिहिणाऱ्याला फुकट सूट मिळते. शीटच्या सेटिंगमध्ये टाइमझोन भारताचा आहे का ते पाहा. तो अमेरिकेचा असला तर वेळा भलत्याच दिसतात आणि 'मी वेळेत दिली होती' वर वाद होतो.

मतदान ३-२-१ गुणांनी घ्या. स्वतःला मत नाही. बरोबरी झाली तर ज्याला पहिल्या क्रमांकाची मतं जास्त तो वर. मत न देणाऱ्याची कथा बाद, हा नियम कडक वाटतो, पण त्यामुळेच सगळे सगळ्यांच्या कथा वाचतात. कथा आल्या त्या क्रमाने लावू नका, चिठ्ठ्या टाकून लावा. वरच्या चार-पाच ताज्या डोळ्यांनी वाचल्या जातात, खालच्या पेंगत. निकालापर्यंत गटावर 'ही कोणाची ते ओळखलं' अशा टिप्पण्या बंद. अभिप्राय मागताना 'कुठे अडखळलात' आणि 'शेवटी काय झालं असं समजलात' हे दोनच प्रश्न ठेवा. दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरांतून कथा पोचली की नाही ते लेखकाला लगेच कळतं. 'छान' या उत्तरातून काही कळत नाही.

दिवाळी अंकाचं: बहुतेक संपादक अप्रकाशित साहित्य मागतात. फेसबुकवर किंवा ब्लॉगवर सगळ्यांना दिसेल अशी टाकलीत तर ती प्रकाशित धरली जाण्याची शक्यता जास्त. बंद गटातल्या वाचनाबद्दल प्रत्येकाचं धोरण वेगळं, तेव्हा पाठवताना स्पष्ट लिहा. हक्क तुमचाच राहतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याखाली लिहिल्याबरोबर तो लेखकाचा होतो, नोंदणीची अट नाही, आणि लेखकाच्या हयातीनंतर ६० वर्षं टिकतो. मात्र स्पर्धेच्या नियमांत 'हक्क आयोजकांकडे' अशी ओळ आहे का ते आधी वाचा. किल्लीची कल्पना दुसऱ्यानेही वापरली म्हणून तक्रार करता येत नाही. संरक्षण शब्दांना आहे, कल्पनेला नाही.

---

जिरावन

२९६. 'सुद्धा' जोडूनच पाच सुटले. शीर्षक 'दुसरा मीटर'. ते शब्दांत धरतात का?

---

मात्रावेलांटी

शीर्षकाचा रकाना वेगळा असेल तर नाही. कथेच्याच रकान्यात वर लिहिलंत तर सूत्र मोजणारच. २९६ अधिक दोन, तरी बसतंय. पाठवून टाका.