प्रतिसाद: करार नसलेल्या टँकरवरची नोकरी

करार नसलेल्या टँकरवर ड्रायव्हरची नोकरी घ्यावी का, या प्रश्नावर वर पगाराचीच चर्चा चाललीय. मार्केटमधला माल, म्हणजे एका कंपनीशी करार नसताना मिळेल ते भाडं, उचलणाऱ्या टँकरवर खरा प्रश्न उभ्या गाडीचा. नवी मुंबईजवळच्या कळंबोलीत भाड्याची वाट पाहताना भत्ता चालू राहतो का, हे आधी ठरवा.

दुसरं म्हणजे वॉशिंग. माल बदलला की टाकी धुवावी लागते. आउटलेट व्हॉल्व्हमध्ये (माल सोडायच्या तोटीत) किंवा मॅनहोलच्या, म्हणजे टाकीच्या वरच्या झाकणाच्या, गॅस्केटखाली जुना माल राहिला तर लोडिंगवाले गाडी परत पाठवतात. धुण्याचा खर्च गाडीमालकाचा. आत उतरून पुसायला सांगितलं तर साफ नकार द्या, मालाच्या वाफेनं माणूस आतच कोसळतो.

घातक रसायनासाठी लायसन्सवर तीन दिवसांच्या प्रशिक्षणाची नोंद आणि केबिनमध्ये ट्रेम कार्ड (गळती, आग झाली तर काय करायचं ते लिहिलेलं कार्ड) हवंच. घटीचे, म्हणजे वाटेत कमी भरलेल्या मालाचे, पैसे कापू नयेत म्हणून भरताना आणि उतरवताना मिळालेल्या दोन्हीकडच्या काटापावत्या (वजनाच्या पावत्या) आणि सील नंबरचा फोटो जवळ ठेवा.