कुंपण घातलं आणि फुलंच कमी झाली?

गवतफुला:
कुरणाच्या एका कोपऱ्याला चार वर्षांपूर्वी तारेचं कुंपण घातलं. गुरं फुलं खातात, तुडवतात, म्हणून. पहिल्या वर्षी असा बहर आला की फोटो पाठवून पाठवून मी सगळ्यांना पिडलं. यंदा मीटरभर लांबीरुंदीची चौकट टाकून मोजलं, तर आत ९ जाती आणि बाहेर, जिथे गुरं रोज चरतात तिथे २३. माझं मोजणं चुकलं का?

जुनाखुंट:
मोजणं बरोबर असेल. उंच गवत बाजूला सारून बघा, खाली काय लागतं?

गवतफुला:
वाळक्या गवताची बोटभर जाड गादी. ओलसर, कुबट वासाची. माती दिसतच नाही. एक रोप सापडलं, पिवळं, उजेडाकडे वाकून वाकून लांबलेलं.

जुनाखुंट:
मग त्या रोपानेच सांगितलं की. जोमदार गवतं वर जातात आणि खालच्यांचं ऊन खातात. गुरं याच गवतांना हाणून पाडतात, म्हणून बुटक्या, जमिनीलगत पसरणाऱ्या झाडांना जागा मिळते. खुरांनी उघड्या पडलेल्या मातीत बी रुजतं ते वेगळंच. एस्टोनियात लाएलातू नावाचं झाडांमधलं जुनं कुरण आहे, पिढ्यानपिढ्या कापलेलं. तिथे एका चौरस मीटरमध्ये ७६ जाती मोजल्यात!

बांधावरचा:
जमीन कसदार केली तर? थोडं खत मारलं तर सगळंच वाढेल ना?

जुनाखुंट:
अजिबात नको. इंग्लंडमध्ये रोथॅमस्टेडला १८५६ पासून गवताच्या एकाच रानात खतांचा प्रयोग चालू आहे. बिनखताच्या तुकड्यांत चाळीसच्या आसपास जाती, आणि अमोनियम सल्फेट ओतून आंबट झालेल्या काही तुकड्यांत जेमतेम दोन-तीन. जुनी माणसं गुरं दिवसा चारून रात्री गोठ्यात बांधायची, त्यामुळे बरंचसं शेणही कुरणाबाहेर जायचं. जमीन हलकी राहायची, तेच फुलांच्या पथ्यावर पडायचं. कमी गुरं सोडा, आणि बी पिकून गळेपर्यंत थांबा. बाराही महिने चारलंत तर तेही वाटोळंच. आधी ती गादी दाताळ्याने ओढून बाहेर काढा.

गवतफुला:
आज एका बाजूची गादी काढली, हातगाडीच्या सहा खेपा झाल्या. तारही सुटली. खांब मात्र हलेनात; रोवताना हौसेने जरा जास्तच खोल गेलेत.